कापलेल्या नळीतून श्वास

पित्ताशय काढायचं असो की मेंदूतली गाठ, मोठ्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाचं एक काम ठरलेलं असतं. रुग्ण झोपला, स्नायू सैल पडले की तोंडातून एक नळी घालायची, स्वरयंत्रातून खाली श्वासनलिकेत सरकवायची, टोकाजवळचा फुगा फुगवून तिथे घट्ट बसवायची आणि यंत्राला जोडायची. पुढचे दोन-तीन तास श्वासाची काळजी यंत्र घेतं. सर्जन पोटाशी, भूलतज्ज्ञ उशाशी, मध्ये हिरवा पडदा. ज्याचं काम त्याच्या हद्दीत.

श्वासनलिकेच्याच शस्त्रक्रियेत ही हद्द उरत नाही. जिथे नळी बसवायची, नेमका तोच भाग सर्जनला कापून काढायचा असतो. नळी राहिली तर टाके घालता येत नाहीत, काढली तर रुग्ण काही मिनिटांत दगावेल. या पेचातून मार्ग काढायला दोन डॉक्टरांना एकाच नळीवर आळीपाळीने काम करावं लागतं. टेबलावरच्या माणसाचा प्राण त्या आळीपाळीच्या शिस्तीवर तोललेला असतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाव सर्जनचं होतं, पण भूलशास्त्र इतक्या बरोबरीने राबतं अशी दुसरी शस्त्रक्रिया शोधावी लागेल.

मोठ्या माणसाची श्वासनलिका सरासरी ११ सेंटिमीटर लांब असते. आतला व्यास दीड ते दोन सेंटिमीटर. घोड्याच्या नालेसारख्या, मागे उघड्या असलेल्या १८ ते २२ कूर्चेच्या कड्या एकाखाली एक रचलेल्या असतात. मागची उघडी बाजू मऊ पडद्याने बंद केलेली, आणि त्या पडद्याला टेकून अन्ननलिका. दोन्ही कडांनी स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसा वर चढतात. त्यांना धक्का लागला तर आवाज जातो. रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही बाजूंनीच आणि अगदी बारीक. सर्जनने ही नळी चहूबाजूंनी लांबवर मोकळी केली की टोकांचा रक्तपुरवठा तुटतो आणि टाके उसवतात. आतड्याचा हातभर तुकडा काढून दोन टोकं सहज जोडता येतात. इथे तेवढं सैल काही नसतंच.

म्हणूनच माणसाने हृदय उघडायचं धाडस केलं, तरी श्वासनलिकेची शस्त्रक्रिया बराच काळ मागेच राहिली. १९५० साली रोनाल्ड बेल्सी या ब्रिटिश सर्जनने मर्यादा सांगितली ती सुमारे २ सेंटिमीटरची, म्हणजे चारेक कड्यांची. त्याहून जास्त कापलं तर टोकं जुळणार नाहीत, असं सर्जन पुढे कित्येक वर्षं धरून चालले. ही मर्यादा मोडली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या हर्मिस ग्रिलो यांनी. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या भुलीचं जाहीर प्रात्यक्षिक केलं ते याच रुग्णालयात. १९६० च्या दशकात ग्रिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांवर मोजमापं घेतली. मान मागे केली की श्वासनलिकेचा मोठा भाग मानेत वर येतो. हनुवटी छातीकडे झुकवली की तोच भाग छातीत उतरतो. मान वाकवून आणि नळी फक्त पुढून-मागून मोकळी करून बाजूंच्या रक्तवाहिन्या राखल्या, तर प्रौढ माणसाची जवळपास निम्मी श्वासनलिका काढून उरलेली टोकं जोडता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. आज जगभर ही शस्त्रक्रिया त्याच पायावर उभी आहे.

या शस्त्रक्रियेची गरज कोणाला पडते? काहींना श्वासनलिकेत गाठ होते, पण ती दुर्मिळ. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत कारण वेगळं असतं आणि ते ऐकून मन खट्टू होतं: आधी कधीतरी जीव वाचवण्यासाठी घातलेली नळी.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या काही आठवड्यांत श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं गेलं. २७ ऑगस्टला त्यांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र करवून फुगा असलेली नळी श्वासनलिकेत बसवून घेतली आणि रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. आजचा अतिदक्षता विभाग त्या वॉर्डातून जन्माला आला. भूलतज्ज्ञ ऑपरेशन थिएटरच्या बाहेर पडला तोही तिथूनच.

कृत्रिम श्वासावर माणसं आठवडे न् आठवडे जगू लागली, तशी एक नवी व्याधी दिसू लागली. नळीभोवतीचा फुगा हवा गळू देत नाही, कारण तो श्वासनलिकेच्या अस्तरावर दाबून बसतो. त्या काळचे फुगे लहान आणि कडक असत. आत पाऱ्याच्या १०० मिलिमीटरपेक्षाही जास्त दाब सहज होई. अस्तरातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही दाब सोसत नाही. रक्त थांबलं की अस्तर मरतं, त्याखालची कूर्चा उघडी पडून कुजते, कड्या ढासळतात. पुढे जखम भरून येते तेव्हा व्रण आवळत जातो आणि नळी आतून अरुंद होते. जोएल कूपर आणि ग्रिलो यांनी १९६९ साली ही सगळी साखळी पायरीपायरीने मांडली, आणि मोठा, मऊ, कमी दाबाचा फुगा हा उपायही सुचवला. आजच्या नळ्यांचे फुगे त्याच जातीचे आहेत. पण मऊ फुग्यातही जास्त हवा भरली तर तो कडक होतोच. म्हणून दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरमध्ये ठेवायचा असतो, आणि तो बोटांनी चाचपून कळत नाही, मापकानेच मोजावा लागतो. काही शे-हजारांचं हे साधन प्रत्येक व्हेंटिलेटरशेजारी असलं पाहिजे आणि पाळी बदलताना प्रत्येक वेळी वापरलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे या व्याधीला शेतीची एक दुखरी बाजू आहे. कीटकनाशक पोटात गेलेल्या माणसाला अनेकदा दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, कारण ते विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं. रुग्ण तरुण असतो, वाचतो, घरी जातो. महिना-दीड महिन्याने त्याला जिना चढताना धाप लागते. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागलेल्यांचं असंच होतं, आणि कोविडमध्ये दीर्घकाळ नळी राहिलेल्या कित्येकांचं तेच झालं.

धाप लागते आणि श्वासाला आवाज येतो म्हटल्यावर बऱ्याचदा दम्याचा शिक्का बसतो. पंप सुरू होतात, स्टेरॉइड सुरू होतात, गुण येत नाही. श्वासनलिकेची रुंदी निम्म्यावर येईपर्यंत बसल्या जागी फारसा त्रास जाणवत नाही, म्हणून निदान लांबतं. मग मात्र घसरण वेगाने होते. संथ प्रवाहाचा नियम असा, की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. आणि अरुंद जागी हवेचा भोवरा होतो तेव्हा याहूनही वाईट. रुंदी ५-६ मिलिमीटरवर आली की स्वस्थ बसलेल्या माणसाचाही श्वास घरघरतो. त्यात चिकट कफाचा एखादा खडा अडकला तर तिथेच खेळ संपतो. अशा वेळी तात्पुरता आधार म्हणून हेलियम आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण देतात. हेलियम हवेपेक्षा कितीतरी हलका असल्याने फटीतून सहज सरकतो. त्याने आजार बरा होत नाही, पण तयारीला वेळ मिळतो.

आता भुलीकडे येऊ. अशा रुग्णाला झोपवायचं कसं?

नेहमीची रीत म्हणजे शिरेतून औषध देऊन क्षणात झोपवायचं, लगेच स्नायू सैल करणारं औषध द्यायचं आणि रुग्णाचा श्वास आपल्या हातात घ्यायचा. इथे हीच रीत जीवघेणी ठरू शकते. रुग्ण स्वतःच्या ताकदीने, मानेचे आणि छातीचे सगळे स्नायू पणाला लावून त्या फटीतून हवा ओढत असतो. तो जोर आपण काढून घेतला आणि वरून मास्कने हवा आत गेलीच नाही, तर पुढे करण्यासारखं फार थोडं उरतं. गळ्याला तातडीने छिद्र करावं म्हटलं, तर अरुंद जागा त्या छिद्राच्याही खाली असू शकते. त्यामुळे जुना नियम असा, की रुग्णाचा स्वतःचा श्वास मोडायचा नाही. आदल्या रात्री झोपेची गोळी नाही. मास्कमधून ऑक्सिजन आणि सेव्होफ्लुरेन हा वायू देत, हळूहळू, पंधरा-वीस मिनिटं घेऊन भूल चढवायची. अरुंद नळीतून वायूही हळूच आत जातो, त्यामुळे घाई करून उपयोग नसतो. खोकला आला, रुग्ण झटापट करू लागला तर थांबायचं.

या पंधरा-वीस मिनिटांत सर्जन बाहेर चहा घेत नसतो. हातमोजे घालून तो रुग्णाच्या डोक्याशी उभा असतो, आणि शेजारच्या ट्रेवर वेगवेगळ्या जाडीचे रिजिड ब्रॉन्कोस्कोप मांडलेले असतात. ब्रॉन्कोस्कोप म्हणजे धातूची सरळ, पोकळ नळी. फ्रायबुर्गमध्ये गुस्ताव किलियन यांनी १८९७ साली अशा नळीने एका माणसाच्या श्वासमार्गात अडकलेलं हाड बाहेर काढलं, तेव्हापासून हे अवजार घशाच्या आणि छातीच्या डॉक्टरांच्या हाती आहे. भूल पुरेशी खोल झाली की सर्जन तोंडातून स्कोप घालतो, अरुंद जागा डोळ्यांनी पाहतो, किती लांब आहे ते मोजतो आणि एकाहून एक जाड स्कोप सरकवत ती थोडी रुंद करतो. आता साधी नळी पलीकडे जाऊ शकते. पहिला धोका टळला.

पुढे भूल शिरेतून चालू राहते, बहुधा प्रोपोफॉल आणि रेमिफेंटॅनिलच्या संथ धारेवर. याचं कारण सरळ आहे. थोड्या वेळाने श्वासनलिका उघडी पडणार. वायूची भूल दिली तर ती रुग्णाऐवजी थिएटरभर पसरेल. रक्तदाब सतत मोजण्यासाठी मनगटाच्या धमनीत सुई ठेवतात, ती शक्यतो डाव्या हाताला. उजव्या हाताकडे रक्त नेणारी मोठी धमनी श्वासनलिकेच्या पुढून आडवी जाते. सर्जनचं अवजार तिच्यावर टेकलं की उजवी नाडी गायब होते आणि पडद्यावरचा रक्तदाब कोसळल्यासारखा दिसतो. म्हणून ऑक्सिजन मोजणारा चिमटा उजव्या बोटाला, सुई डाव्या मनगटाला. उजवीकडची लहर पुसट झाली की भूलतज्ज्ञ सांगतो, “सर, धमनीवर दाब येतोय,” आणि अवजार हलतं.

श्वासनलिका उघडायच्या क्षणी आगीचा धोका असतो, हे वाचून आश्चर्य वाटेल. नळीत ऑक्सिजन ठासून भरलेला, नळी प्लास्टिकची, आणि सर्जनच्या हातात रक्त थांबवणारी विजेची कॉटरी. ठिणगी पडली तर आग थेट फुप्फुसाच्या तोंडाशी लागते. म्हणून आधी ऑक्सिजनचं प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली आणायचं आणि श्वासनलिकेवर पहिला छेद साध्या पात्याने घ्यायचा.

छेद पूर्ण झाला की तोंडातली नळी भूलतज्ज्ञ वर ओढून घेतो, पण पुरती काढत नाही. तिच्या टोकाला एक दोरा बांधलेला असतो, त्याच्या आधाराने ती पुढे परत खाली आणायची असते. खालचं टोक आता जखमेत उघडं दिसतं आहे. सर्जन त्यात दुसरी, तारेची गुंडाळी असलेली, वाकली तरी न मुडपणारी निर्जंतुक नळी घालतो. तिला जोडलेल्या निर्जंतुक पाइपांचं दुसरं टोक पडद्यावरून भूलतज्ज्ञाकडे दिलं जातं. आता रुग्णाच्या तोंडाचा आणि श्वासाचा संबंध तुटलेला आहे. हवा थेट मानेतल्या जखमेतून फुप्फुसात जाते आहे, आणि ती नळी सर्जनच्या ताब्यात आहे.

मागच्या पडद्याचे टाके आधी घालायचे, कारण नंतर तिथे हात पोहोचत नाही. पण नळी नेमकी त्यांच्या आड येते. इथून पुढे दोघांचं बोलणं थिएटरभर ऐकू येतं.

“मॅडम, ट्यूब काढू?”

“अजून दोन मिनिटं. ऑक्सिजन भरून घेते.”

मग, “काढा.”

नळी बाहेर येते. रुग्ण श्वास घेत नाही. श्वासनलिकेत नळी बसल्यावर त्याचे स्नायू सैल केलेले आहेत. भराभर एक टाका, दुसरा टाका. भूलतज्ज्ञ रक्तातल्या ऑक्सिजनचे आकडे मोठ्याने वाचत असतात: नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव, शहाण्णव. “त्र्याण्णव. बस, घाला आत.” नळी आत जाते, फुप्फुसं फुगतात, आकडा वर चढतो. पुन्हा तेच.

श्वास बंद असताना माणूस जगतो कसा, याचं गणित भूलतज्ज्ञाला पाठ असतं. प्रौढ माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. श्वास सोडल्यावर फुप्फुसांत सुमारे अडीच लिटर हवा उरते. ती साधी हवा असेल तर त्यातला ऑक्सिजन मिनिट-दोन मिनिटांत संपतो. आधी काही मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देऊन आतला नायट्रोजन धुऊन काढला, तर तेवढ्याच जागेत दोन लिटरहून जास्त ऑक्सिजन मावतो आणि धडधाकट माणसाला सात-आठ मिनिटं मिळू शकतात. लठ्ठ माणसाला, लहान मुलाला, गर्भवतीला खूपच कमी. कार्बन डायऑक्साइड मात्र साठत राहतो. म्हणून ऑक्सिजन शाबूत असला तरी थांबण्याला सीमा असते.

ही रीत सर्वांत रुळलेली, पण एकमेव नाही. छातीत अगदी खाली, जिथे श्वासनलिका दोन फाटे फोडते तिथे काम असलं, तर जाड नळीला जागाच नसते. तिथे एक बारीक कॅथेटर आत सोडून त्यातून ऑक्सिजनचे छोटे झोत मिनिटाला शंभराहून जास्त वेळा मारतात. त्याला जेट व्हेंटिलेशन म्हणतात. कॅथेटरच्या बाजूने टाके घालता येतात, पण हवा बाहेर पडायला वाट राहिली नाही तर फुप्फुस फुटू शकतं. लंडनच्या अनिल पटेल आणि रझा नूरेई यांनी २०१५ साली आणखी एक मार्ग दाखवला: नाकातून मिनिटाला ७० लिटर ओलसर, गरम ऑक्सिजन. अवघड श्वासमार्गाच्या २५ रुग्णांपैकी निम्म्यांत श्वास पूर्ण थांबलेला असतानाही ऑक्सिजन १४ मिनिटं किंवा त्याहून जास्त टिकला, एका रुग्णात ६५ मिनिटांपर्यंत. दुर्बिणीतून करायच्या छोट्या कामांना याने मोठा दिलासा मिळाला आहे. आणि जिथे कोणतीच नळी पलीकडे जाणार नाही अशी खात्री असते, तिथे रुग्ण जागा असतानाच जांघेतून मोठ्या नळ्या घालून रक्त शरीराबाहेर नेतात, यंत्रात ऑक्सिजन देऊन परत आणतात, आणि मगच भूल देतात. श्वासनलिकेसाठी हृदय-फुप्फुस यंत्र वापरल्याची नोंद १९६१ सालची आहे. रक्त पातळ ठेवावं लागत असल्याने रक्तस्रावाची भीती असते; पर्याय असेल तर इथवर जाऊ नये, असंच अनुभवी डॉक्टर मानतात.

मागचे टाके पूर्ण झाले की दोरा ओढून तोंडातली नळी खाली आणतात, जोडाच्या पलीकडे नेतात. उशाखालचा आधार बदलून मान पुढे झुकवतात, टोकं सैल होऊन जवळ येतात, पुढचे टाके बांधतात. जखमेत सलाइन ओतून हवेचे बुडबुडे येतात का ते पाहतात. शेवटी हनुवटीखालची कातडी आणि छातीच्या हाडावरची कातडी यांत एक जाड टाका घालतात. रुग्णाने चुकून मान मागे टाकली तर जोड ताणला जाऊ नये, म्हणून हा पहारा साधारण आठवडाभर राहतो.

भूलतज्ज्ञाची खरी कसोटी मात्र आता असते. ताज्या जोडावर यंत्राचा दाब नको, फुग्याचा दाब नको, आणि एकही जोरदार खोकला नको. त्यामुळे रुग्णाला शक्यतो टेबलावरच जागं करून नळी काढतात. अर्धवट झोपेत तो खोकतो, पूर्ण झोपेत श्वास घेत नाही. मधला नेमका क्षण पकडावा लागतो. रेमिफेंटॅनिलचे अगदी थोडे थेंब चालू ठेवून खोकला दाबतात. नळी पुन्हा घालायची वेळ आली तर मान वाकलेली, हनुवटी शिवलेली. त्यासाठी लवचिक दुर्बीण हाताशी तयार असते.

एवढी यातायात करण्यापेक्षा प्लास्टिकची नळी का बसवत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. तसा प्रयत्न झाला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी या सर्जनने २०११ पासून तिघांना मूलपेशी लावलेल्या कृत्रिम श्वासनलिका बसवल्या. जगभर वाहवा झाली. तिघेही पुढे दगावले. त्याच संस्थेतल्या चार डॉक्टरांनी कागदपत्रांनिशी आवाज उठवला, तेव्हा आधी त्यांच्यावरच संशय घेतला गेला. २०२३ साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने मॅकियारिनी यांना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो, ते शरीराशी एकजीव होत नाही, कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस त्यावर उगवत नाहीत. हे विज्ञान तेव्हाही ठाऊक होतं. आजही रुग्णाच्या स्वतःच्या श्वासनलिकेची दोन टोकं जोडण्याइतका भरवशाचा दुसरा उपाय नाही.

त्याहून भरवशाचं आहे ते ही वेळ न येऊ देणं, आणि आलीच तर लवकर ओळखणं. तुमच्या घरातलं कोणी व्हेंटिलेटरवर राहून आलं असेल, तर नळी किती दिवस होती हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्यांना चालताना धाप लागू लागली, श्वास आत घेताना घशातून घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, कफ सुटेनासा झाला, तर दम्याच्या पंपावर दिवस काढू नका. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरकडे जा, नळी घातली होती हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि दुर्बिणीतून श्वासनलिका तपासण्याचा आग्रह धरा.